वाईटाचं मूळ खुलताबाद रोडला

पुतळ्याचा डावा पाय माझ्या हातात होता आणि उजवा एका कार्यकर्त्याच्या. क्रांती चौकातल्या बंदोबस्तात माझा तो पहिलाच पुतळा. तो जळायच्या आत हिसकायचा, एवढी ऑर्डर. मी जीव खाऊन ओढलं, पाय सुटून आला आणि तो काखेत मारून मी जीपकडं पळालो. मागं टाळ्या पडल्या. मला वाटलं, माझ्यासाठीच. वळून बघतो तर चौकाच्या मधोमध दुसराच पुतळा निवांत जळत होता.

आमचे हवालदार जाधवमामा, त्यांनी जीपमध्ये समजावलं. मोर्चेवाले नेहमी दोन पुतळे आणतात. एक पोलिसांना हिसकायला, एक जाळायला. पोलिसांची इज्जत राहते, त्यांचाही कार्यक्रम होतो. साऱ्या शहराला हे ठाऊक होतं. फौजदार तेवढा नवीन होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढं मी, काखेत पाय, मागं धूर. डीवायएसपी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "आरोपी कोण?"

"अज्ञात इसम, सर."

गुन्हा दिसतो पण करणारा सापडत नाही, तेव्हा पोलिसांच्या कागदावर हा इसम येतो. आमचा इसम तसा सापडला होता. मोर्चाचा पुढारी साहेबांच्या समोरच्याच खुर्चीत चहा पीत होता.

"संध्याकाळपर्यंत एखादा ज्ञात इसम आणा," साहेब म्हणाले. पुढाऱ्यानं माझ्याकडं बघून सहानुभूतीनं मान हलवली.

इथं माझं शिक्षण आडवं आलं. मी तेव्हा बाहेरून तत्त्वज्ञानात एमए करत होतो आणि दुष्टपणा व नैतिक जबाबदारी या प्रकरणापर्यंत पोचलो होतो. काडी लावणारा नुसता हात असतो, दुष्टपणाला आकार देणारा खरा जबाबदार, असा मी निष्कर्ष काढला. पुस्तकात असं कुठंही नव्हतं. पण पुढाऱ्याला हात लावता येत नव्हता, त्यामुळं तो निष्कर्ष मला फार खोल वाटला.

आकार देणारे युसूफभाई खुलताबाद रोडच्या एका शेडमध्ये सापडले. बांबू, वाळलेलं गवत, जुने शर्ट-पँट. डावे, उजवे, सगळ्या पक्षांचे पुतळे तेच करत. भिंतीला दोन धडं टेकवलेली होती, डोकी नव्हती. कोणतं कुणाचं, मी विचारलं.

"अजून ठरलं नाय, साहेब. फोटो आला की डोकं बसवायचं. अंग समद्यांचं एकच असतंय."

मी त्यांना जीपमध्ये घातलं आणि वाटेत समजावून सांगितलं की, तुम्ही वाईटाला रूप देता.

"रूप ते फोटोत घेऊन येतेत. मी बांबू लावतो," युसूफभाई म्हणाले. "बांबूवाल्याचं दुकान वाटेतच हाय. त्याला पण घेता का?"

ठाण्यात मात्र त्यांचा सूर उतरला. दसऱ्याचा रावणही तेच करत, त्याच्या पोटात भरायला फटाके लागत आणि त्यासाठी त्यांच्याकडं लायसन होतं. केसमध्ये नाव आलं की लायसन गेलं, आणि लायसनवरच घर चालत होतं. मी म्हणालो, कायद्यापुढं इलाज नाही. हे वाक्य म्हणताना मला फार बरं वाटलं होतं.

दुपारी साहेबांचा फोन. दसरा तोंडावर आलेला, मैदानावर बाण मारायला मंत्री येणार, दसरा कमिटीचे अध्यक्ष खुद्द साहेब. रावणाचं काम बंद का?

"सर, रावण करणारा आपल्या बाकावर बसलाय. तोच ज्ञात इसम."

 पलीकडून आलं, "सोडा त्याला."

मी सोडलं. युसूफभाई उठेचनात.

"असं कसं जाऊ? उद्या दुसरा फौजदार यील. फैसला करा, साहेब. जाळायसाठी पुतळा करणं गुन्हा हाय का नाय? असंल तर रावणाचा पण लिवा. ऑर्डर कुणी दिली, ते बी लिवा."

जाधवमामा छताकडं बघायला लागले. फोन अजून माझ्या हातातच होता, ठेवलेला नव्हता.

थोड्या वेळानं साहेब स्वतः आले. त्यांनी युसूफभाईंसाठी चहा मागवला, मग माझ्याकडं वळले. "जबाबदारी करणाऱ्याची नसते, जाळणाऱ्याची असते. एवढं कळत नाही? एमए करता ना?"

"मग जाळणाऱ्याचं नाव काय लिहू, सर?"

"अज्ञात."

चौकशीअंती युसूफभाईंचा संबंध आढळला नाही, अशी नोंद मीच केली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली, तेव्हा कुठं ते उठले.

दसऱ्याला मला बंदोबस्त मिळाला. काम एकच, मंत्री येईपर्यंत कुणाला पुतळा जाळू द्यायचा नाही. स्टेजवर सगळ्या पक्षांचे पुढारी शेजारी शेजारी बसले होते. रावणावरचं कापड काढलं आणि जाधवमामा खोकले. मधलं तोंड रुंद, भुवया जुळलेल्या, डाव्या गालावर मस, मी दाढी करताना रोज चुकवायचो तोच.

"बाकीची नऊ कुणाची का असंनात, साहेब," मामा हळूच म्हणाले, "पण मधलं..."

मंत्र्यांनी बाण मारला. साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिणाऱ्या त्या पुढाऱ्यानं पहिली टाळी वाजवली. मी सॅल्यूट ठोकून उभा राहिलो आणि दहा तोंडांनी जळालो.

दुष्टपणाचं मूळ कुठं असतं, ते रिटायर झालो तरी मला सांगता येत नाही. पुतळे करणाऱ्या माणसाला दिवसभर आपल्यासमोर बसवू नये, एवढं मात्र खात्रीनं सांगतो.