व्हर्नाने आखलेली सहल

नेब्रास्कातल्या एका लहानशा गावात व्हर्नाने अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली, पण समुद्र काही पाहिला नव्हता. शाळेत स्वयंपाक करणारी लॉर्ना तिची जिवाभावाची मैत्रीण. निवृत्त झाल्यावर दोघींचं ओरेगॉनच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं होतं. मुक्काम कुठे, दीपगृह कुठलं, शिंपल्यांचं सूप कुठल्या खानावळीत, सगळं व्हर्नाने नकाशावर लिहून काढलं होतं. ऐन वेळी तिच्या आईने अंथरूण धरलं. "तुझ्याशिवाय मी जाणार नाही," असं म्हणून लॉर्ना नकाशा जपून ठेवायला घरी घेऊन गेली.

सप्टेंबरात लॉर्ना पंधरा दिवस बहिणीकडे म्हणून गेली. परतल्यावर चर्चच्या जेवणात तिची वहिनी ग्लेंडा सगळ्यांना फोटो दाखवत होती. "लॉर्नाने काय फिरवलं आम्हाला! सगळं तिनेच आखलेलं बरं का."

फोटोत तेच दीपगृह होतं, तीच खानावळ होती.

लॉर्ना खाली बघत म्हणाली, "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही गं."

"गेलीस त्याचं काही नाही," व्हर्ना म्हणाली. "पण ते तू आखलंस?"



वसंतात आई गेली. मग व्हर्ना एकटीच गाडी चालवत ओरेगॉनला पोचली आणि बूट काढून लाटेत उभी राहिली. पाणी इतकं गार असेल असं तिला वाटलं नव्हतं. हे लॉर्नाला सांगायला हवं, असं सवयीने मनात आलं, आणि तिला रडू आवरेना.