डावं कोपर

माझा निळा शर्ट डाव्या कोपरावर विरला. उजवी बाही अजून धडधाकट आहे. फोनवरच्या व्हिडिओत एक जपानी बाई असे कपडे सांधायला शिकवतात. साशिको म्हणतात त्याला. आतून ठिगळ ठेवायचं आणि वरून पांढऱ्या दोऱ्याने तांदळाएवढे टाके घालत जायचं. लपवायचं काही नाही. विरलं होतं ते दिसू द्यायचं. बाईंचा चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतात. भाषाही कळत नाही. तरी मी मध्येच "थांबा हं जरा" म्हणतो आणि व्हिडिओ थांबवतो. दिवसभरात बरेचदा मी तेवढंच बोललेलो असतो.

टाके घालताना मनात आलं, डावंच का विरलं? मग उमगलं. "अहो, कोपर खाली घ्या, खाणावळ आहे का ही?" असं बायको रोज जेवताना म्हणायची. ती गेली, तेव्हापासून मी टेबलावर कोपर टेकूनच जेवतो.

आज टाके पुरे झाले. ओळी वाकड्या आल्यात, पण जागा चांगली जाड झाली आहे. तोच शर्ट घालून जेवायला बसलो, कोपर टेबलावर टेकलं आणि पहिला घास हातात धरून थोडा वेळ उगीच थांबलो.