लेकीने लावलेली लाल पाटी

गावात तिला सगळे बाटलीताई म्हणत. तिचा त्यावर राग नव्हता. प्रादेशिक परिषदेच्या पर्यावरण खात्यात नोकरीला लागल्यापासून तिने नद्या, ओढे, तलाव यांच्या पाण्याने इतक्या बाटल्या भरल्या होत्या, की तिला दुसरं काही म्हणणंच अवघड होतं. गाडीच्या मागच्या बाजूला बर्फाची पेटी, कमरेपर्यंत येणारे रबरी बूट, लांब दांड्याचा चिमटा आणि पुढच्या सीटवर अर्धवट खाल्लेलं सफरचंद, असा तिचा संसार. घरचा संसार वेगळा. तिथे बेकरीवाला नवरा होता आणि वडील होते.

वडील म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हे, पोहण्याचे. जुन्या पुलाखाली नदी जिथे रुंद आणि संथ होते, तिथे त्यांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं होतं. त्या गावात आजही एखादा जाडजूड वकील किंवा दाढीवाला न्हावी मास्तर दिसले की पोट आत घेतो. मास्तर स्वतः बारा महिने, रोज सकाळी, नदीत उतरत. थंडी असो, वारा असो, खंड नाही.

आणि अशा माणसाच्या नदीवर त्यांच्याच पोटच्या पोरीने लाल पाटी ठोकली. 'पाणी पोहण्यास अयोग्य.'

पाटी तिनेच ठोकायची, असं काही नव्हतं. पण पुलाखालचं पाणी तिच्या वाटणीला होतं, नमुने तिने घेतले होते, आणि त्यात जंतू इतके निघाले होते की प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोन करून "तुझ्या घरचं कुणी तिथे उतरत नाही ना?" असं विचारलं होतं. मग पाटी दुसऱ्या कुणाच्या हातून लागू देणं तिला भ्याडपणाचं वाटलं. मला विचाराल तर ती चूक होती. काही गोष्टी खुशाल दुसऱ्याच्या हातून होऊ द्याव्यात.

मास्तरांनी आकांडतांडव केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ही नदी मला तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते," आणि त्या दिवसापासून त्यांनी मोजून मापून बोलायला सुरुवात केली. जेवताना "मीठ दे." झोपताना "दिवा घालव." बाटल्यांचा विषय निघाला की "तुमचं ते खातं" असं म्हणून नाक मुरडायचं. तिला ते लागायचं. फार लागायचं.

तिने जिद्द धरली. नदीकाठच्या गटारांत रंग सोडून तो कुठे बाहेर येतो ते पाहिलं, आणि एका वसाहतीची सांडपाण्याची फुटलेली नळी शोधून काढली. परिषदेने ती बदलली. आता पाणी सुधारणार म्हणून ती हवेत होती. पुढचा नमुना खराब आला. त्याच्या पुढचा त्याहून खराब. मास्तर पोहायचे थांबल्यापासून वाळत चालले होते आणि इकडे पाणी काही हट्ट सोडेना. या उन्हाळ्यातही पाटी राहिली, तर ते पुन्हा कधी नदीत उतरतील याची तिला खात्री वाटेना. वय काही थांबत नाही.

शेवटी तिने प्रयोगशाळेतल्या बाईंना गळ घातली. जंतू कुणाच्या पोटातून आले, हे सांगणारी एक तपासणी असते. महाग असते, पण बाईंनी ती करून दिली.

"माणसाचे नाहीत," बाई फोनवर म्हणाल्या. "तुझी नळी निर्दोष सुटली. गुरांचेही नाहीत. पक्ष्यांचे आहेत. तुझ्याकडे बदकं आहेत का गं?"

"आहेत की. पण चारदोन असतील. दुपारी झाडाखाली झोपलेली असतात."

"चारदोन बदकांचं हे काम नाही. तुझ्याकडे बदकांची जत्रा भरत असणार."

तेव्हा बाटलीताईच्या डोक्यात प्रकाश पडला. तिची फेरी वरच्या ओढ्यांपासून सुरू व्हायची आणि पुलापाशी पोचेपर्यंत दुपार व्हायची. सकाळी तिथे काय चालतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने फेरी उलटी केली आणि उजाडताच पुलावर जाऊन खाली वाकून पाहिलं.

नदीत पाणी दिसत नव्हतं, नुसती बदकं दिसत होती. आणि त्यांच्या मधोमध, शेवटच्या पायरीवर, मांडीवर मोठी पिशवी घेऊन एखाद्या राजासारखे बसले होते मास्तर.

"हळू, हळू! सगळ्यांना मिळेल!" ते पाव कुस्करून टाकत होते. "ए टकल्या, तू दोनदा घेतलंस!"

घरी इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून एवढं बोलणं तिने ऐकलं नव्हतं. तिने कपाळावर हात मारला आणि मग ती कठड्याला धरून हसत सुटली.

"बाबा," ती खाली उतरत म्हणाली, "हा पाव कुठला?"

"जावयाने दिला," मास्तर जरा ऐटीत म्हणाले. "उरलेला देतो रोज. त्याला माझी काळजी आहे."

म्हणजे घरचीच सगळी मंडळी या कटात सामील होती. ती त्यांच्या शेजारी बसली आणि काही न लपवता तपासणीत काय निघालं ते सांगितलं. मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी बदकांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तिला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं.

"म्हणजे पाटी मीच लावून ठेवलीय?"

"पहिली नळीने लावली होती. नंतरची तुम्ही."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"मला कालच कळलं! तुम्ही बोलत असता तर आधी कळलं असतं."

मास्तरांनी पिशवीला गाठ मारली. घरी नवऱ्याने सगळं ऐकून "अगं, मी आपला म्हाताऱ्याचा जीव रमावा म्हणून..." असं काहीतरी पुटपुटत पिठात तोंड लपवलं.

मास्तरांचं एक होतं, धरलं तर सोडायचं नाही. आता ते रोज पायरीवर बसून, कुणी खिशात हात घातला तरी "पाव काढू नका!" असं ओरडू लागले. बदकं काही दिवस त्यांच्याकडे दुखावल्यासारखी पाहत राहिली, मग वरच्या तलावाकडे पांगली. नमुने हळूहळू सुधारले. एक चांगला आला, मग दुसरा, आणि परिषदेने पाटी काढायचा हुकूम दिला.

त्या सकाळी अर्धं गाव टॉवेल घेऊन काठावर हजर. बाटलीताईने स्क्रू काढून लाल पाटी उतरवली. मात्र पोहणं सुरू व्हायच्या आधीचा नमुना घ्यायचा राहिला होता, आणि माणसं उतरली की तळाचा गाळ वर येतो. ती बूट चढवत होती तोवर वकीलसाहेबांनी पाण्यात एक पाय घातलाच.

"पाय बाहेर!" मास्तरांचा आवाज पुलाखाली घुमला. "आधी माझ्या मुलीची बाटली भरू दे. मग बाकीचे."

वकीलसाहेबांनी पाय बाहेर घेतला आणि पोट आत. ती पाण्यात शिरली, प्रवाहाकडे तोंड करून तिने बाटली बुडवली, भरली, झाकण घट्ट लावलं. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते पुसता येत नव्हते, कारण हातमोजे ओले होते.

मागे वळली तर मास्तर काठावर उभे. अंगात चड्डी, खांद्यावर टॉवेल, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्या नदीत उतरताना त्यांनी आयुष्यात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"उतरू का गं?" ते म्हणाले.

तिने मान डोलावली, आणि मास्तरांनी टॉवेल फेकून अशी उडी मारली की ती बुटांच्या आतपर्यंत भिजली.