रिंगवाले पक्षी आणि आम्ही

दिल्लीत सरकारी फायली हलवून दमलो की रविवारी मी गुरुग्रामपलीकडच्या झिलीवर पक्षी मोजायला जातो. सोबत स्नेहा. मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी, पक्ष्यांवर पीएचडी करणारी साताऱ्याची मुलगी. पक्ष्यांच्या नोंदी तिच्या वहीत जातात. माझ्या फजित्यांची वही कुणी ठेवत नाही, म्हणून त्या डोक्यात साठत राहतात.

*

पहिल्याच दिवशी तिनं माझ्या एका हातात तुतवार दिला, चिखलात चरणारा इवलासा पक्षी. दुसऱ्या हातात त्याच्या पायात घालायची, ओळखीचा नंबर असलेली रिंग. मी श्वास रोखून उभा. ती पक्कड घेऊन वळली.

"काका, रिंग?"

"ही काय."

"आणि पक्षी?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं.

*

रिंगवाला पक्षी दिसला तर लोकांनी कळवावं म्हणून आम्ही बोर्ड लावला. त्यावर फोन नंबर माझा. गुरुग्राममधून एका बाईंचा फोन आला, "बालकनी में बैठा है, कबूतर जैसा कुछ." अर्धी रजा टाकून, मेट्रो आणि कॅब करत मी पोचलो. गेटवरच्या रजिस्टरमध्ये कामाचं कारण विचारलं होतं. मी प्रामाणिकपणे 'कबूतर' लिहिलं.

गार्डनं वर फोन लावला, "मॅडम, कबूतर आए हैं. ऊपर भेज दूँ?"

वर कुणाचं तरी पाळलेलं कबूतरच होतं. मला चहा मिळाला. त्याला बदाम.

*

एकदा मी दुर्बिणीतून एका हंसाच्या रिंगवरचा नंबर वाचला. ज्यांनी ती घातली होती, त्यांना स्नेहानं कळवलं. उत्तर आलं, हा हंस केव्हाच मेलाय. मी सहाला नऊ वाचलं होतं, पण हे नंतर कळलं. त्या क्षणी मी एवढंच म्हणालो, "तब्येत तर चांगली वाटली यार त्याची."

*

स्नेहानं स्वतःच्या हातानं पहिली रिंग घातली, तीही एका हंसाला. हिरवी. पुढच्या हिवाळ्यात तो परततो का, यावर तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण अडलं होतं. सगळा हिवाळा आम्ही दर रविवारी चिखलात पालथे पडून शोधला. शेवटी तिनं वहीत 'बेपत्ता' लिहिलं आणि चष्मा काढून उगाच पुसत बसली.

मागे एक म्हातारी म्हशी चारत होती. "क्या ढूँढ रहे हो?" तिनं विचारलं.

मी तिला हिमालय, स्थलांतर, विज्ञान असं बिल्कुल सविस्तर समजावलं. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"पाँव में हरी चूड़ी वाला?"

स्नेहा ताडकन उठली. "हाँ माँजी, वही."

"वो तो रोज़ आता है," म्हातारी म्हणाली. "तुम लोग चले जाते हो, तब."