लॉर्डकाकांच्या पक्षाचं एक मत

लॉर्डकाका दारी आले की आधी पायपुसण्यावर बूट चार-चार वेळा पुसायचे, मग बेल वाजवायचे आणि दार उघडलं की ‘गुड मॉर्निंग’च्याही आधी विचारायचे, “आपण मतदार आहात का?” २००२च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आमच्या घरासमोर ते पहिल्यांदा असे उभे राहिले, तेव्हा अंगणाच्या कडेला थोडा मळका बर्फ अजून शिल्लक होता. कोपरांवर कातड्याची ठिगळं लावलेला कोट, हातात कागदांचं पॅड, पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन. मला वाटलं, काहीतरी विकायला आलेत.

“नाही, आम्ही व्हिसावर आहोत,” मी म्हटलं.

“अरेरे! मग मतदार कधी होणार?”

“काय माहीत! ग्रीनकार्डची फाइल कुठेतरी पडून आहे.”

“ठीक आहे. मी थांबतो,” असं म्हणून त्यांनी खिशातल्या वहीत माझं नाव टिपून घेतलं. मला हसूच आलं. हा माणूस खरोखर थांबणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

त्यांचं नाव हम्फ्री ॲटलबरी. आमच्यापासून चार घरं पलीकडे राहायचे. जन्म इंग्लंडातल्या उमराव घराण्यातला. एकविसाव्या वर्षी वडील वारले आणि हे लॉर्ड झाले. त्या काळी तिकडे लॉर्डमंडळींना लोकांच्या सभागृहासाठी मत देता येत नसे, की उभंही राहता येत नसे. “वेडे, कैदी आणि आम्ही,” ते बोटांवर मोजून सांगायचे, “तिघांना मत नव्हतं. त्यातल्या त्यात कैदी सुटण्याची तरी आशा असे.” पुढे डोरोथी नावाच्या अमेरिकन शिक्षिकेशी लग्न करून ते इकडे आले आणि नागरिक झाले. शपथविधीत न्यायाधीशबाईंनी विचारलं, कुणाला सरदारकीचा किताब आहे का? अख्ख्या हॉलमध्ये यांचा एकट्याचा हात वर. पुढे काय करायचं ते बाईंना कागद चाळून शोधावं लागलं म्हणे. तिथल्या तिथे किताब सोडला, चाळिशीत पहिलं मत दिलं आणि त्याच वर्षी स्वतःही उभे राहिले. तेव्हापासून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळाची निवडणूक आली की लॉर्डकाका उभे आणि लॉर्डकाका पडले.

त्यांचा पक्षही त्यांचाच, ‘पदपथ पक्ष’. मागणी एकच. प्रत्येक रस्त्याला चालायला वाट हवी आणि थोड्या थोड्या अंतरावर बसायला बाक हवा. “म्हाताऱ्या माणसाला जिथे टेकता येत नाही, ते गाव नव्हे, पार्किंग लॉट!” हे त्यांचं ठरलेलं भाषण. त्यांचं इंग्रजी इतकं अदबशीर होतं, की मराठीत आणताना मला आपोआप ‘आपण’च सुचतं. डोरोथी होत्या तोवर आमच्या वस्तीच्या मतदान केंद्रावर पक्षाला हमखास दोन मतं पडत. त्या गेल्यावर एक. निकाल लागला की हा गृहस्थ स्वतः केक भाजून शेजाऱ्यांना वाटायचा. “एक मत पडलंय. म्हणजे मी अजून पक्ष सोडलेला नाही.” ‘लॉर्डकाका’ हे नाव माझ्या मुलीनं ठेवलं. किताब सोडलेल्या माणसाला ते चालावं का? पण त्यांना ते आवडायचं. म्हणायचे, “यातला काका मी कमावलाय.”

२००४मध्ये नागपूरहून माझे बाबा आले. पोस्टातून निवृत्त झालेले, सकाळी चार मैल चालल्याशिवाय चहा न घेणारे. एके दिवशी गुडघा धरला म्हणून कुणाच्या तरी हिरवळीच्या कडेला टेकले, तर कुणीतरी पोलिसांना फोन केला. गाडी आली. मी धावत पोचेपर्यंत लॉर्डकाका घडीची खुर्ची घेऊन तिथे हजर होते. त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं आणि पोलिसाला म्हणाले, “हे माझ्या पक्षाचे पाहुणे आहेत. आपण मतदार आहात का?”

झालं, दोघांची गट्टी जमली. किताबाची गोष्ट ऐकून बाबांनी ती त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावली. मग मला म्हणाले, “सुजाता, जन्मानं मिळालेलं मोठेपण टाकून मत घेतलं या माणसानं! पहिलं मत द्याले तुझा आजोबा नवं धोतर नेसून गेला होता. हा माणूस आपल्यातलाच आहे न!”

मतपत्रिकेवर नाव छापून यायला दर वेळी ठरावीक सह्या गोळा कराव्या लागत. लॉर्डकाकांचं कंबरेचं हाड त्या वर्षी फार दुखत होतं. दारोदार फिरणं होईना. बाबांनी पॅड काढूनच घेतलं. “सह्यांचं काम माझ्याकडे. तुम्ही निवांत राहा.” चौदा एप्रिलच्या आमच्या कार्यक्रमाला त्यांनी जेवणाच्या रांगेत प्रत्येकाला गाठलं. मग इंडियन ग्रोसरी झाली, बागेत फिरायला येणारे आईवडील झाले. मीही ऑफिसातल्या मित्रांच्या घेतल्या. आपल्याकडे निवेदनावर जशा घेतात तशाच. पटलं की कर सही! आणि पहिली सही अर्थात बाबांची, लष्करीबाग, नागपूर, असा झकास पत्ता घालून. मुदतीच्या दोन दिवस आधी आम्ही बापलेक पेढ्यांसकट तो गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेलो.

लॉर्डकाकांनी मतदारयादी काढली, लाकडी पट्टी घेतली आणि एकेक नाव शोधायला लागले. पट्टी पहिल्या नावाखाली ठेवली आणि त्यावर रेघ मारली. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हो, सही मतदाराची हवी! आणि आमच्यात मतदार होता कोण? निम्मे व्हिसावर नाहीतर ग्रीनकार्डावर, उरलेले सहा महिन्यांसाठी आलेले आईबाप. आणि एवढं तर आम्हाला ठाऊक असेलच असं समजून तो माणूस आमच्या भरवशावर दोन महिने घरी बसला होता.

“तशीच देऊन टाका ना. एवढं कोण तपासतंय?” मी कसंबसं म्हटलं.

“तपासलं तर माझी फक्त निवडणूक जाईल. नागरिक नसताना मतदार म्हणून सही केली, असं निघालं तर या मुलांना देश सोडावा लागेल, घरं जातील.” आणि त्यांनी शेवटच्या सहीपर्यंत शांतपणे रेघा मारल्या. मध्येच थांबून बाबांना म्हणाले, “आपलं अक्षर फार सुरेख आहे.”

त्या वर्षी त्यांचं नाव छापलं गेलं नाही. बाबा पार खचले. त्यांनी हात जोडून माफी मागितली, तर लॉर्डकाकांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. “मीही चाळिशीपर्यंत बिनमताचाच होतो. एवढ्या लोकांनी मला कधी पाठिंबा दिला नव्हता. हे कागद मी ठेवणार.” परत जाताना विमानतळावर बाबांनी मला बजावलं, “तू सिटिझन झाली की पहिली सही त्यांच्या कागदावर. विसरू नको.”

तो दिवस २००८च्या वसंतात आला. शपथविधीत न्यायाधीशांनी किताबांचं विचारलं, तेव्हा मी उगाच मान वळवून हॉलभर पाहून घेतलं. कुणाचाच हात वर नव्हता. मतदार नोंदणी झाली, कार्ड आलं, त्याच संध्याकाळी मी लॉर्डकाकांच्या पायपुसण्यावर चपला चार वेळा पुसल्या आणि बेल वाजवली. ते काठी टेकत आले.

“मी मतदार आहे,” मी म्हटलं.

त्यांनी आधी यादी काढली. माझं नाव नव्या पुरवणीत सापडल्यावर त्याखाली पट्टी ठेवली, पत्ता दोनदा वाचला आणि मगच पेन पुढे केलं. सही होताच म्हणाले, “सहा वर्षं थांबलो. आता आपल्या केंद्रावर पुन्हा दोन मतं पडतील.” त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

ऑक्टोबरमध्ये लॉर्डकाका झोपेतच गेले. बाबांना ते कळवायचं धाडस मला झालं नाही. मतपत्रिकेवरची नावं तोवर छापून झाली होती. नोव्हेंबरात मी त्यांच्या नावापुढचं वर्तुळ नीट काळं केलं. मतदान संपल्यावर शाळेच्या दारावर आमच्या केंद्राचा निकाल चिकटवला, तो वाचायला मुद्दाम थांबले. घरी येऊन बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती.

“किती पडली आपल्या माणसाला?”

“एक, बाबा.”

“त्यांचं नेहमीचं?”

“नाही,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. “माझं.”