कडेची पट्टी

भालकीत उदगीरच्या बसची वाट बघताना मला एक पिकअपवाला दिसला. पिकअपच्या हौद्याला गंज धरू नये म्हणून स्वतःच काळा लेप देत होता. पत्रा आधी कोपऱ्याकोपऱ्यातून घासलेला. पोती घसरू नयेत म्हणून लेपात बारीक वाळू. कडेची हातभर पट्टी मात्र त्यानं वाळूविना, गुळगुळीत राखली होती.

"अण्णा, हितं वाळू कामून न्हाई?"

"खुरपायला जाणाऱ्या बाया बसत्यात हितं. खरबरीत लेपानं लुगडी फाटत्यात."

"त्यांनी सांगितलं व्हय?"

"न्हाई." त्यानं रोलर डब्यात बुडवला. "मागल्या लेपाच्या वक्ताला एक अक्का उतरल्यावर पदर मागं धरून चालायली होती. तवा कळलं."

मी वाळलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. कुठंच अडकलं नाही.