पलूसचा सत्यनारायण

पुण्याहून एसटीत बसले तेव्हा मांडीवर जुना व्हीसीआर होता. कंडक्टरने विचारलं, "बोचक्यात काय हाय, ताई?" मी ठोकून दिलं, "मिक्सर." समलिंगी माणसांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून जपते, हे तिकीट काढताना कुठं सांगत बसायचं?

साताऱ्याच्या स्टँडवर कंदी पेढे घेतले आणि कऱ्हाड यायच्या आत निम्मे फस्त केले. पुढे दोन्हीकडे ऊसच ऊस. पलूसला, ज्यांच्या कॅसेटी उतरवायच्या होत्या ते तात्या स्वतः घ्यायला आले होते. फौजेतून निवृत्त, मिशा कडक, आवाज त्याहून कडक.

"कवा (केव्हा) निघालासा? आधी जेवा, मग कॅसेटी." भाकरी, भरीत आणि खर्डा (मिरचीचा ठेचा). खर्ड्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तसे तात्या खूश झाले.

जेवताना ते रफिकबद्दल बोलले. रफिक लग्नांचं शूटिंग करायचे. तात्या फौजेतून सुटून आले आणि दोघांनी एकाच घरात संसार केला. गेल्या पावसाळ्यात रफिक गेले. "फोटू हायती. पन आवाज कुठंच न्हाई. त्यो एकदा ऐकायचाय बघा."

मी कॅसेटी चाळल्या. एकीवर 'सत्यनारायण' लिहिलेलं. "ही पूजेची नको," म्हणून मी ती खुशाल बाजूला सारली. तात्या हसता हसता ठसकले.

"आवं ताई, तीच! आमच्यासारकी पोरं सांगलीत एका माडीवर जमायची, त्याला आमी सत्यनारायण म्हनायचो. पूजेला चाललोय म्हटल्यावर घरात कोन अडवतंय? आन् दुसऱ्याच्या पूजेची कॅसेट कुनी बघितलीया का कवा?"

घ्या! या कामात एवढी मुरलेली मी, आणि मीच फसले.

पण फीत पांढऱ्या बुरशीने माखली होती. "तुटली तर?" मी विचारलं. "एकच हाय," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. हळूहळू फीत फिरवत, मऊ कापडाने पुसत दुपार गेली. शेवटी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

खरखर. पट्टे. मग माडी, टाळ्या, शिट्ट्या, लुगडं नेसून नाचणारा एक धिप्पाड गडी. कोपऱ्यात ताठ उभा तरुण, ते तात्या. रफिक मात्र कुठेच नाहीत. अगं बाई, कॅमेरा त्यांच्याच हातात ना!

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज आला, "हस की रं गड्या! ड्युटीवर हायस व्हय?"

पडद्यावरचा फौजी हसला. खुर्चीतलाही हसला. "ऐकलासा? आसाच वरडायचा गाढव," म्हणत तात्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा लावायला सांगितलं. मी लावत राहिले. मलाही रडू आवरेना.

"लोकांना दाखवू?"

"दावा की. आता कुनाला भ्यायचं?"

"नाव काय देऊ? सत्यनारायणच?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "न्हाई. लिवा, रफिक आन् मी."

निघताना त्यांनी केळं घातलेल्या शिऱ्याचा डबा दिला. सत्यनारायण म्हटल्यावर प्रसाद हवाच.

परतीच्या एसटीत दुसऱ्या कंडक्टरचा तोच प्रश्न, "काय हाय ह्यात एवढं जड?" मिक्सर अगदी जिभेवर आला होता.

"कॅसेट लावायचं मशीन. पलूसचे तात्या आणि त्यांचे रफिकभाई, त्या जोडप्याची कॅसेट उतरवून आणली."

"दोघंबी बाप्ये?"

"हो."

त्याने तिकीट फाडून हातात दिलं. मग माझ्या डब्याकडे बघत म्हणाला, "आन् वास कसला येतोय?"

"शिऱ्याचा. घ्या, प्रसाद आहे."

त्याने प्रसाद कपाळाला लावून घास घेतला. "लय भारी," म्हणत पुढच्या सीटकडे गेला. एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं मी मिक्सर का वाहत होते, कोण जाणे!